गेटच्या आतली नोंद

मंगळवारी सकाळी पावणेअकराला हर्षलता बोरकुटेच्या पडद्यावर एक ओळ उमटली आणि पुढचा आठवडाभर तिची झोप, भूक आणि वरणातलं मीठ या तिन्ही गोष्टींचं गणित बिघडलं. ओळ साधीच होती. कर्मचारी क्रमांक ३१२७. मज्जासंस्थेचा विकार, बहुधा पार्किन्सन. शंका चौऱ्याऐंशी टक्के. पडताळणी दहा दिवसांत.

देवखेड्याच्या कागद मिलमध्ये चौदाशे माणसं कामाला होती. दुसऱ्या कुणाचा आकडा असता तर हर्षा जरा हळहळली असती आणि चहा मागवून पुढच्या कामाला लागली असती. पण ३१२७ म्हणजे गुणवंत बोरकुटे, डायजेस्टरवरचा ऑपरेटर आणि तिचा सख्खा नवरा.

हर्षा मिलच्या नेटवर्क कक्षात होती. अशा नोंदी दोनच माणसांकडे जायच्या. एक मिलच्या वैद्यकीय अधिकारी डॉ. मडावी आणि दुसरे सुरक्षा व्यवस्थापक चिंचोळकर. त्या नीट पोचल्या की नाही एवढंच पाहायचं, वाचायच्या नाहीत, असं हर्षाने लेखी कबूल केलं होतं. आता पोचली का ते पाहायचं आणि वाचायचं नाही, हे ज्याला जमतं त्याने येऊन तिला शिकवावं.

ही नोंद ज्या जाळ्यात होती त्याला इंट्रानेट म्हणतात. मिलमधल्या निम्म्या लोकांना ते आपलं नेहमीचं इंटरनेटच वाटायचं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. तारा त्याच, पडदा तोच, पानं उघडायची रीत तीच. फरक एवढाच की इंटरनेट हा सगळ्या जगाचा भरलेला बाजार, आणि इंट्रानेट म्हणजे एका घरातल्या माणसांचं आपापसातलं बोलणं. मिलच्या संगणकांना दिलेले पत्ते गेटबाहेर कुणाला माहीतच नव्हते. बाहेरून कुणी हाक मारली तरी ती आत पोचायची नाही. आतल्या आणि बाहेरच्या जाळ्यांमध्ये फायरवॉल नावाची चौकी असते. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर सोडायचं ते ती ठरवते. देवखेड्यात तर सहा वर्षांपूर्वी बाहेरची वाटच तोडून टाकली होती.

त्याला कारण कुंपण कायदा. लोकांच्या आजारपणाच्या नोंदी चोरून विकण्याचे दोन-तीन मोठे प्रकार उघडकीला आले, देशभर ओरड झाली, आणि सरकारने एक नियम काढला. कंपनीला आपल्या माणसांच्या तब्येतीवर यंत्राकडून लक्ष ठेवायचं तर खुशाल ठेवावं; पण ते यंत्र इंट्रानेटच्या आतच शिकेल, आतच राहील आणि त्याला कळलेलं एक अक्षरही गेटबाहेर जाणार नाही. नियम चांगल्या हेतूने केला होता. मिलनेही असं यंत्र बसवलं. त्याचं नाव इंग्रजीत हातभर लांब होतं, म्हणून कामगारांनी त्याला जागल्या म्हणायला सुरुवात केली. शेतात माळ्यावर बसून रानडुकरं हाकलणाऱ्या माणसाचं ते नाव.

जागल्या बोटं राखायचा. माणूस कीबोर्डवरची कळ दाबतो आणि सोडतो, त्यात सेकंदाचा साधारण दहावा भाग जातो. धडधाकट बोटांत हा वेळ बऱ्यापैकी सारखा असतो. पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात, आणि हात थरथरायला लागण्याच्या दोन-चार वर्षं आधीच बोटांचा हा ठेका बिघडतो. एक कळ चटकन सुटते, दुसरी रेंगाळते. डोळ्यांना ते दिसत नाही, यंत्राला दिसतं. जागल्याला बोटं मिळायचीही भरपूर. प्रत्येक ऑपरेटरने तासातासाला वाफेचा दाब, तापमान आणि चार ओळींची हकीकत लॉगबुकात स्वतःच्या हाताने टाइप करायची, अशी सक्ती होती. बोललेलं ऐकून लिहिणारं यंत्र आधी लावून पाहिलं होतं. पण डायजेस्टर हाउसच्या गोंगाटात त्याने एकदा दाबाच्या रकान्यात फिटरची शिवी नोंदवली आणि ते काढून टाकावं लागलं.

आजार नक्की ठरेपर्यंत माणसाला काही सांगायचं नाही, उगाच घबराट नको, असाही नियम होता. पडताळणी म्हणजे जागल्याने त्याच नावावरची बोटं आणखी दहा दिवस पाहायची. ठरला की त्याच दिवशी जोखमीच्या कामावरून दूर. डायजेस्टर म्हणजे बांबूच्या चिपा कॉस्टिक सोड्यात एकशे सत्तर अंशांवर शिजवणारा चार मजली कुकर. गुणवंतची त्या कुकरपाशी एकोणीस वर्षं गेली होती. नुसत्या आवाजावरून तो सांगायचा की आत लगदा कुठवर आला आहे. त्याला तिथून काढून गेटवर बसवलं तर तो आजाराच्या आधी त्यानेच खचला असता, हे हर्षाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाराला इंटरकॉम वाजला.

"लिही," गुणवंत म्हणाला. मागे वाफेची सूं सूं चालली होती. "दाब सात पॉइंट दोन. तापमान एकशे अडुसष्ट. खालच्या व्हॉल्व्हले थोडी गळती हाय, फिटरले सांगितलं."

हर्षा कानात प्राण आणून ऐकत होती. आवाजात कंप आहे का? शब्द अडखळला का? तिची बोटं मात्र आपली रोजच्यासारखी चालत राहिली.

"झालं? अजून काही?"

"अजून काय! भाजी कायची केली?"

"वांग्याची. तुम्ही बरे आहात ना?"

"मले काय धाड भरली?" म्हणत त्याने फोन ठेवला.

कॉलनीतलं त्यांचं क्वार्टर गेटपासून सातशे पावलांवर होतं, पण कायद्याच्या दृष्टीने तो परका मुलूख. नवऱ्याबद्दलची ही गोष्ट नवऱ्यालाच सांगितली तर हर्षाची नोकरी जाणार होती. ती घरी आली आणि त्याच्या हातांकडे पाहत बसली. चहाचा कप मुद्दाम काठोकाठ भरून दिला. त्याने थेंबही न सांडता तो उचलला आणि एवढा कशाला ओतला म्हणून विचारलं. तिने सुईत दोरा ओवायला लावला. त्याने पहिल्या फटक्यात ओवला. अक्षर बारीक होत जातं असं कळलं, म्हणून किराणा सामानाची यादी त्याच्याकडून लिहून घेतली. अक्षर नेहमीसारखंच होतं, बैलगाडीएवढं.

हे सगळं तिला फोनवरून कळत होतं. फोनमधल्या इंटरनेटला पार्किन्सनबद्दल सगळं माहीत होतं आणि गुणवंतबद्दल काहीच नाही. मिलच्या इंट्रानेटला गुणवंतबद्दल माहीत होतं आणि ते तोंड उघडायला तयार नव्हतं. मधल्या सातशे पावलांत ही बाई रोज चार वेळा येत-जात होती आणि तिचा जीव टांगणीला लागला होता.

वास कमी येतो, असंही एका ठिकाणी लिहिलं होतं. गुरुवारी संध्याकाळी तिने हिंगाची डबी उघडून त्याच्या नाकापाशी नेली.

"डोळे मिटा. हा कायचा वास सांगा."

"अवं, दूर कर ना! डोक्यात गेला!" गुणवंत मागे सरला. हर्षाला नवल वाटलं. तिने स्वतः हुंगून पाहिलं तेव्हा तर काहीच आलं नव्हतं. हिंग जुना झाला असेल म्हणून ती डबी टाकून द्यायला निघाली होती.

गुणवंतने तिच्याकडे नीट पाहिलं. मग तो खुर्चीवरून उठला.

"तीन दिवसांपासून पाहून राहिलो मी. हात पाहते, लिहून घेते, तोंडाजवळ येऊन वास घेते. सरळ विचार ना. तुले वाटते मी परत पिऊन राहिलो?"

हर्षा गारच पडली. दहा वर्षांपूर्वी त्याने दारू सोडली होती. त्यानंतर घरात तो शब्दही कुणी काढला नव्हता.

"नाही हो! देवाशप्पथ तसं नाही."

"मंग कसं हाय?"

यावर तिच्याकडे उत्तर होतं आणि ते देता येत नव्हतं. तिने हिंगाच्या डबीचं झाकण लावलं. गुणवंतने त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला आणि ताट तसंच सोडून बाहेर गेला. शुक्रवारी इंटरकॉमवर नुसते आकडे आले, भाजीची चौकशी आली नाही.

दुपारी ती सरळ डॉ. मडावींच्या दवाखान्यात गेली. पन्नाशीच्या, फटकळ, मिलमधल्या अर्ध्या बाळंतपणांच्या साक्षीदार असलेल्या बाई.

"मॅडम, ३१२७ ची नोंद मी वाचली."

"वाचायची नव्हती."

"वाचली. आता काय ते रागवा. पण मी चार दिवस पाहते आहे, त्यांना काही नाही. हात दगडासारखा स्थिर आहे."

डॉक्टरांनी दार लोटून घेतलं. रागवायला तोंड उघडलं, पण हर्षाचा चेहरा पाहून बेत बदलला असावा. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला.

"हर्षा, हे निदान नाही, शंका आहे. पण शंका घेण्यासारखी जागा आहे. हे पाहा. मराठी कीबोर्डवर व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला येतात आणि काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला. याची व्यंजनं वेळेवर पडतात. काना मात्र मागून येतो, आणि दर वेळी वेगळ्या अंतराने. म्हणजे डावा हात. हा आजार असाच एका बाजूने सुरू होतो. चौदा महिन्यांपूर्वी फरक नखाएवढा होता, आता चांगला बोटभर आहे."

"पण मॅडम, त्यांना तर..." हर्षा म्हणाली आणि तिथेच थांबली.

त्यांना तर काना कुठल्या हाताला असतो हेच माहीत नाही, असं ती म्हणणार होती. गुणवंतने गेल्या पाच वर्षांत लॉगबुकात एक अक्षर टाइप केलेलं नव्हतं. तो आणि डायजेस्टर हाउसमधला प्रत्येक माणूस कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून कॉस्टिकमध्ये काम करायचा. तासातासाला ते काढायचे, हात धुवायचे आणि एका बोटाने 'गळती' शोधत बसायचं, हे कुणाला परवडणार? म्हणून प्रत्येकाने आपला एकेक लिहिणारा धरला होता. ऑपरेटरने इंटरकॉमवर सांगायचं, लिहिणाऱ्याने ऑपरेटरच्या पासवर्डने आत शिरून उतरवायचं. मिलमध्ये ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली होती की तिला कुणी चूक मानतच नव्हतं. आणि जागल्या ज्यांनी घडवला ते अशा ऑफिसांतले, जिथे माणूस, खुर्ची आणि कीबोर्ड तिन्ही एकाच नावाचे असतात. अशी एखादी मिल असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

३१२७ चा सगळा मजकूर हर्षाच्या बोटांचा होता. तिच्या स्वतःच्या आयडीवर जागल्याने कधी काही पाहिलं नव्हतं, कारण नेटवर्क कक्षाच्या आयडी चाचण्यांसाठी त्याच्या नजरेबाहेर ठेवल्या होत्या.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," हर्षा म्हणाली. तिने डावा हात ओढणीखाली घेतला होता.

आधी तिला आनंद झाला, हे सांगायलाच हवं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती जवळजवळ हसत होती, कारण गुणवंतला काही झालेलं नव्हतं. शेवटच्या पायरीवर मात्र ती कठड्याला धरून उभी राहिली. मग सगळं भराभर आठवायला लागलं. न आलेला हिंगाचा वास, खारट वरण, कांदा धरताना सुटणारी डाव्या हाताची पकड आणि त्यावर स्वतःशीच म्हटलेलं, वय झालं आता. वय तरी काय, सेहेचाळीस. तिला खूप भीती वाटली. त्या भीतीत तिला पहिली आठवण गुणवंतचीच झाली, आणि तो तर तिच्याशी बोलत नव्हता.

शनिवारी त्याची सुटी होती. तो अंगणात सायकलची चेन साफ करत होता. ती समोर दगडावर जाऊन बसली.

"तुम्ही पीत नाही, हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "आजारी कुणीतरी आहे. मला वाटलं तुम्ही. पण ती मी आहे."

नियम मोडला होता. तिने सगळं सांगितलं, ओळीपासून कान्यापर्यंत. गुणवंतला अर्धं कळलं आणि पुरेसं कळलं. चेनच्या ग्रीसने काळ्या झालेल्या हातांनी त्याने तिचा डावा हात धरला आणि बराच वेळ उलटसुलट करून पाहिला, जणू गळती नेमकी कुठून होते ते शोधत होता.

"दुखते का?"

"नाही हो. काहीच होत नाही. तेच तर."

"मी तुले काय काय बोललो," तो म्हणाला. मग हा माणूस एखादा व्हॉल्व्ह बिघडल्यावर जसा विचार करायचा तसा विचार करायला लागला. "हे पाह्य. पडताळणीले सहा दिवस राहिले. उद्यापासून माझं लॉगबुक दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतो. बोटं चांगली दिसली की तो जागल्या म्हणल, चूक झाली. नोंद पुसल्या जाईल. आपण नागपूरले जाऊन गुपचूप चांगला डॉक्टर पाहू."

"आणि नाही पुसली तर?"

"तर मी बसतो गेटवर. तुझं नाव नाही निघालं पाहिजे. पासवर्ड दिला म्हणून दोघंही गेलो, तर राहायचं कुठं? औषध कुठून करायचं?"

एकोणीस वर्षांचा डायजेस्टर त्याने असा एका वाक्यात खाली ठेवला. हर्षाला रडू आवरेना. बेत मात्र चोख होता, त्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. ती हो म्हणाली आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली.

सोमवारी सकाळी ती गेटवर पोचली तेव्हा भुजंग निमगडे लोकांच्या पिशव्या तपासत होता. भुजंग पूर्वी क्रेन चालवायचा. मिलमधला सगळ्यात हलक्या हाताचा क्रेनवाला. बांबूची दोन टनांची मोळी तो ट्रकवरून अशी उतरवायचा की खाली धूळ उडायची नाही. आठ महिन्यांपूर्वी जागल्याने त्याच्या हाताची नोंद काढली, ती कायम झाली आणि त्याला गेटवर आणून बसवलं. हर्षा इतके दिवस त्याच्यासमोरून जात होती. आज तिचं लक्ष गेलं ते त्याच्या हातांकडे. तो थर्मासमधून तीन इवल्या कपांत चहा ओतत होता, आणि धार मध्ये कुठे हललीसुद्धा नाही.

"भुजंगभाऊ, तब्येत कशी आहे?"

"तब्येतीले काय झालं! नागपूरच्या डॉक्टरनं दोनदा तपासलं, म्हणला काहीच नाही. मी कागद आणून देला. तर चिंचोळकर साहेब म्हणते, बाहेरचा कागद आतल्या नोंदीले जोडता येत नाही. आतलं आत, बाहेरचं बाहेर." तो हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "पोरगा विचारते, बाबा, तुमाले नेमकं काय झालं? आता मी काय सांगू?"

"क्रेनवर होते तेव्हा तुमचं लॉगबुक कोण लिहायचं?"

"आपले स्टोअरमधले वासेकर. काहून?"

"सहजच," हर्षा म्हणाली आणि आत गेली.

सहज कसलं! वासेकर चोपन्न वर्षांचे, स्टोअरमध्ये रोज शिडीवर चढून वरचं सामान काढायचे. खरा आजार त्यांच्या बोटांत होता आणि त्यांच्या गावीही नव्हतं. दोन वर्षांत जागल्याच्या शब्दावर अकरा माणसं जागेवरून उठली होती. त्या अकरांमागे अकरा लिहिणारे होते, औषधावाचून, खुशाल. जाळं बंद म्हणून बाहेरच्या कुठल्या डॉक्टरला ही चूक दिसणार नव्हती, आणि आतला प्रत्येकजण स्वतःच त्या चुकीत सामील असल्यामुळे बोलणार नव्हता. हर्षाने आपली नोंद गुपचूप पुसून घेतली असती तर ती बारावी झाली असती, एवढाच फरक.

खुर्चीत बसवेना म्हणून ती उठून उभी राहिली. उभंही राहवेना म्हणून चिंचोळकरांच्या केबिनमध्ये गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

चिंचोळकर वाईट माणूस नव्हता. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस होता.

"मॅडम, हे बाहेर गेलं तर मिलचं नाव..."

"बाहेर कसं जाईल साहेब? तुम्हीच तर वाट तोडली आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "असं करू. ३१२७ ची शंका मी तांत्रिक चूक म्हणून काढून टाकतो. गुणवंत डायजेस्टरवर राहील. तुम्ही दोन महिने रजा घ्या, उपचार करा. पासवर्डचं मी ऐकलंच नाही. यापेक्षा जास्त कोणी करणार नाही तुमच्यासाठी."

ते खरं होतं. तिला हवं होतं ते सगळं त्यांनी टेबलावर मांडलं होतं.

"आणि बाकीचे अकरा?"

"त्या फायली बंद झाल्या. उघडायच्या तर आधी पासवर्ड देणारे शोधावे लागतील. मग मिलमध्ये उरणार कोण?"

"साहेब, तुमच्या नोंदी कोण टाइप करतं?"

चिंचोळकरांनी मान वळवली. लाकडी पडद्यापलीकडे त्यांची स्टेनो टाइप करत होती. कळांचा आवाज स्पष्ट येत होता. ते म्हणाले, "आजचा दिवस विचार करा."

हर्षाने विचार केला तो केबिनपासून नेटवर्क कक्षापर्यंतच्या वाटेवर. तेवढाच तिला झेपण्यासारखा होता. जास्त केला असता तर तिने रजाच घेतली असती.

मिलमधला कुठलाही संगणक उघडला की आधी सूचनांचं पान यायचं. त्यावर लिहायचा अधिकार नेटवर्क कक्षाला होता. 'आज दुपारी दोन ते तीन सर्व्हर बंद राहील' असलं काहीतरी तिथे ती लिहायची, तेही जुन्या सूचनेवर माउसने तारीख बदलून. आज तिने कोरं पान घेतलं आणि स्वतःच्या नावाने लिहायला बसली. पहिल्यांदाच स्वतःची बोटं पाहत ती टाइप करत होती. व्यंजन पडत होतं आणि काना खरोखरच मागून येत होता. आता कळल्यावर तिला तो दिसायला लागला होता.

'मी हर्षलता बोरकुटे, नेटवर्क कक्ष. कर्मचारी ३१२७ गुणवंत बोरकुटे यांचं लॉगबुक पाच वर्षं मी त्यांच्या पासवर्डने लिहीत आले. जागल्याने त्यांच्या नावावर जो आजार काढला आहे तो माझ्या हातात आहे. आपल्यापैकी पुष्कळजण असंच दुसऱ्याचं लिहितात. ज्यांना जागल्याने कामावरून हलवलं त्यांचं लॉगबुक तुम्ही लिहीत असाल, तर कृपा करून डॉ. मडावींना भेटा. उशीर करू नका. नोकरीची भीती मलाही वाटते.'

शेवटचं वाक्य खोडावं की ठेवावं, यात दोन मिनिटं गेली. तिने ते ठेवलं आणि बटण दाबलं.

बाराला इंटरकॉम वाजला. डायजेस्टर हाउस. गुणवंतचा आवाज वाफेच्या आवाजापेक्षा खाली आला होता.

"ह्या पोट्ट्यांनी वाचून दाखवलं मले. लिहिलंच तू?"

"लिहिलं. तुम्हाला न विचारता लिहिलं."

ती फोन कानाला धरून उभी होती. तो रागवला असता तर ते तिला पटलं असतं.

"दाब सात पॉइंट चार हाय," शेवटी तो म्हणाला. "आता हे कोण लिहील?"

"तुम्ही. हातमोजे काढा, हात धुवा. द उजव्या हाताला आहे, काना डाव्या."

"मले दिवस जाईल वो एवढ्यात."

"जाऊ द्या."

"नागपूरले परवाची गाडी पाहतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दहा मिनिटांत चिंचोळकरांचा निरोप आला, ताबडतोब येऊन भेटा. हर्षा पाणी प्यायली, तिने ओढणी सारखी केली, संगणक बंद केला. जायला वळली तर दारात वासेकर उभे होते. स्टोअरचा निळा कोट, खिशात तीन पेनं, हातात छापून आणलेली तिचीच सूचना. इतक्या वर्षांत ते या खोलीत कधी आले नव्हते.

"मॅडम," ते म्हणाले, "भुजंगचं मीच लिहायचो. सहा वर्षं." त्यांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "तर मग त्याले जे निघालं होतं, ते कायचं होतं? म्हणजे मले नेमकं काय झालं?"

साहेबांचा इंटरकॉम वाजायला लागला होता. हर्षाने तो वाजू दिला आणि आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"बसा वासेकरभाऊ," ती म्हणाली. "सांगते सगळं. मलाही तेच निघालं आहे."